भाव न विचारणारे प्रवासवर्णन

१

मराठीत प्रवासवर्णने संख्येने उदंड आणि दृष्टीने दरिद्री झाली आहेत, असे माझे मत आहे. हे मत मी दुसऱ्या कुणाच्या पुस्तकावरून नव्हे, तर स्वतःच्याच एका लेखावरून बनवले आहे. पुढील मजकुरात कडवटपणा जाणवला तर त्याची पहिली मात्रा लेखकाने स्वतः घेतली आहे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी, नववीतला मुलगा आणि पत्नीचे थोरले बंधू व वहिनी असे पाच जण एका सहल कंपनीबरोबर मोरोक्कोला जाऊन आलो. फेज आणि मराकेशचे बाजार, ॲटलास पर्वत, शेवटी अटलांटिकचा किनारा, असा दहा दिवसांचा कार्यक्रम होता. परतल्यावर मी एक दीर्घ लेख लिहिला आणि २०२५ च्या एका दिवाळी अंकात तो छापूनही आला. त्यात केशराचे रंग होते, चामड्याचा गंध होता, पर्वतावरची संध्याकाळ होती, समुद्राची गाज होती. सहकाऱ्यांनी 'चित्रदर्शी' म्हणून कौतुक केले. मराठीच्या प्राध्यापकाला या विशेषणाची भूल लवकर पडते.

त्या कौतुकाच्या कितीतरी आधी, सहलीहून आल्यावर पहिल्याच रविवारी, मी येडगावला घरी गेलो होतो. वडील तिथेच असतात. कुकडीच्या पाण्यावर आमची थोडी शेती आहे, आणि तीत वर्षातून एकदा टोमॅटो असतोच. ओट्यावर बसून मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवू लागलो. मसाल्यांचे शंकू, पितळी दिवे, निळ्या भिंती हे सारे त्यांनी न बोलता पाहिले. एका फोटोत माझ्या मुलाच्या मागे टोमॅटोची हातगाडी आली होती. तात्यांनी तिथे बोट ठेवले.

"टमाट्याला काय बाजार होता रे तिथं?"

मला सांगता आले नाही. त्यांनी पुढे विचारले, "किलोवर देतात का क्रेटवर?" तेही माहीत नव्हते. "मग पिकतो कुठं हा माल?" मी गप्प राहिलो. इतक्यात लाइट आली आणि ते मोटार चालू करायला उठून गेले.

दहा दिवस परदेशी बाजार हिंडून आलेल्या, साहित्य शिकवणाऱ्या मुलाला वडिलांच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर देता आले नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की, पुढे लेख लिहिताना मला या प्रश्नांची आठवणसुद्धा झाली नाही. 'भाव' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. आपल्या प्रवासवर्णनांत एका अर्थाचा भाव ओसंडून वाहतो आणि दुसऱ्या अर्थाचा भाव कुणी विचारतच नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मला मूलभूत वाटतो. भाव विचारला की विकणारा माणूस दिसू लागतो, माल कुठून आला ते दिसते, तो कुणी पिकवला, कुणी वाहिला, कुणाच्या हाती काय पडले ते दिसू लागते. भाव न विचारता पाहिलेला बाजार हे केवळ रंगीत कापड असते.

२

ही खोड मराठीत जन्मजात नाही. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ साली घर सोडले ते सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठी नव्हे. घरात दारिद्र्य होते, डोक्यावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. मध्येच बंड भेटले. १९०७ साली प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' आज आपण थरारक वृत्तांत म्हणून वाचतो. पण त्याचा कणा पाहिला तर पैसा कुठे मिळाला, कसा लुटला गेला, घरी काय पोचले, याचा तो चोख हिशेब आहे. ज्याला पोटासाठी हिंडावे लागते त्याचे डोळे उघडे राहतात.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८९ साली त्यांचे अमेरिकेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षक 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' असे आहे. शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ, व्यापारउद्योग, स्त्रियांची परिस्थिती अशी त्या पुस्तकाची प्रकरणे आहेत. 'मी काय काय पाहिले' यापेक्षा 'तिथले लोक कसे जगतात आणि त्यातून आपण काय शिकावे' हा प्रश्न रमाबाईंना मोठा वाटला. आमच्या अभ्यासक्रमांत या पुस्तकाचा उल्लेख होतो तो बहुधा स्त्रियांच्या लेखनाच्या इतिहासात. प्रवासवर्णनाचा आदर्श म्हणून ते कुणी पुढे ठेवताना मी पाहिलेले नाही.

मग मध्ये काय घडले? पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले आणि परदेशात गेलेल्या मराठी मध्यमवर्गीयाला स्वतःकडे पाहून हसता येऊ लागले. हे मोठेच काम होते. परंतु पुलंच्या अनुकरणकर्त्यांनी त्यांची नजर घेतली नाही, फक्त 'मी' घेतला. विमानात आपली झालेली फजिती, जेवणात आपली झालेली उपासमार, बरोबर नेलेल्या लाडू-चिवड्याने वाचवलेले आपले प्राण, आणि अधूनमधून एखादा सूर्यास्त. देश कुठलाही असो, पुस्तक एकच. मीना प्रभूंसारख्या लेखिका एकट्याने हिंडल्या, लोकांच्या घरांत शिरल्या, असे अपवाद आहेत. पण मोठ्या मिरवणुकीचा रस्ता अपवादांनी बदलत नाही. आता सहल कंपन्यांनी ही मिरवणूक थेट उत्तर आफ्रिकेपर्यंत नेली आहे, आणि सातव्या वेतन आयोगाने माझ्यासारख्यालाही तीत सामील करून घेतले आहे.

३

माझ्याच लेखाचे परीक्षण करू. त्यात फेजच्या चर्मालयाचे वर्णन आहे. जुन्या शहरातल्या या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दगडी कुंडे आहेत, त्यांत कातडी भिजतात, कमावली जातात, रंगवली जातात. पर्यटक आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या सज्जांतून खाली पाहतात. सज्जात शिरताना दुकानदार हातात पुदिन्याची डहाळी देतो. दुर्गंधी असह्य झाली तर ती नाकाशी धरायची. मी पुदिन्यावर अर्धे पान लिहिले. खालच्या कुंडांत मांडीपर्यंत उतरलेल्या माणसांवर एक वाक्य लिहिले, आणि त्यात त्यांना 'रंगांचे किमयागार' म्हटले.

हा माणूस बी.ए.च्या वर्गात 'बलुतं' शिकवतो. १९७८ साली दया पवारांचे ते पुस्तक आल्यानंतर मराठी वाचकाच्या नजरेत काही कायमचा फरक पडला, असे तो दरवर्षी वर्गात सांगतो. कातडी कमावण्याचे काम आपल्याकडे कुणाच्या वाट्याला आले, त्या कामाचा वास कुणाच्या नावाला चिकटवला गेला, हे त्याला कुणी शिकवायला नको. मोरोक्कोत जातिव्यवस्था नाही, तेव्हा तिथल्या कामगाराचे दुःख आपल्याकडच्यासारखेच आहे असे म्हणणे चूक ठरले असते. पण निदान प्रश्न तरी पडायला हवा होता. हे काम बापाकडून मुलाकडे येते का? मजुरी रोजावर की नगावर? दुकानदाराने पत्नीला विकलेल्या पिशवीतला किती वाटा त्या कुंडापर्यंत पोचतो? प्रश्न पडला नाही, कारण नाकाशी पुदिना होता. दलित साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाने चर्मालयाच्या सज्जात पुदिना हुंगत उभे राहावे आणि त्याला 'गंधानुभव' म्हणावे, यापेक्षा आपल्या अभिरुचीचे अधिक बोलके चित्र मला सापडलेले नाही.

दुसरी खोड तुलनेची. मराकेशच्या गल्ल्यांत शिरताच आमच्या गटातून एकमुखाने उद्गार निघाला : "अगदी आपली तुळशीबाग!" मीही तो लेखात वापरला. अशी तुलना दोन्ही बाजूंना मारते. मराकेशच्या बाजारात चामड्याची गल्ली वेगळी, लोहारांची वेगळी, सूत रंगवणाऱ्यांची वेगळी, आणि वस्तू बनवणारा व विकणारा पुष्कळदा भिंतीला भिंत लावून बसलेला. तुळशीबागेची घडण निराळी, तिथे येणारा माल निराळ्या वाटांनी येतो. 'अगदी आपल्यासारखे' म्हटले की पाहण्याचे कामच संपते. पाहायला गेलेल्या माणसाने पाहणे थांबवण्यासाठी काढलेली ती पळवाट आहे.

आता उलट दिशेने आलेला एक प्रवासी पाहू. इब्न बतूता १३०४ साली मोरोक्कोच्या तांजिर गावी जन्मला. एकविसाव्या वर्षी घराबाहेर पडला, हिंडत हिंडत दिल्लीला आला, महंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला आणि १३४२ च्या सुमारास सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला असता दौलताबादेवरून गेला. परत गेल्यावर फेज येथे त्याने आपला वृत्तांत सांगून लिहवला. १३५५ साली तो पूर्ण झाला. त्यात आपल्या मुलखाविषयी थोडीच पाने आहेत, पण ती वाचताना मान खाली जाते. या प्रदेशात मराठे राहतात हे तो नोंदवतो. नंदुरबारच्या लोकांचे हस्तकौशल्य, त्यांतले वैद्य व ज्योतिषी, उच्चवर्णीयांचा भात-भाजीचा आहार, जेवणापूर्वीचे स्नान, सात पिढ्यांच्या आतले नाते लग्नाला वर्ज्य मानण्याची रीत हे सगळे तो सांगतो. दौलताबादच्या महसुलाचा मक्ता केवढ्याला गेला होता, हेही सांगतो. बंगालात गेल्यावर तर तो चक्क दरपत्रकच देतो. तांदूळ, कोंबड्या, साखर, तूप, तलम कापड, सगळ्यांचे भाव. गुलाम मुलीचाही भाव तो कसलाही संकोच न करता लिहून ठेवतो. आपल्याला त्याची चीड येते, आणि ती यावीच. पण चीड यायला आधी ते माहीत व्हावे लागते. त्याने तो आकडा गाळून चांदण्याचे वर्णन केले असते तर आपण त्याला रसिक म्हटले असते आणि त्या मुलीचा बाजार आपल्याला कळलाच नसता.

दौलताबादेत त्याने गायक-गायिकांचा एक मोठा बाजार पाहिला. त्याचे नाव तो 'तरबाबाद' असे देतो. प्रत्येक दुकानातून मागच्या घरात जाणारे दार, दुकानात गालिचे, गायिकेसाठी झुलता पाळणा. बाजाराच्या मध्यभागी घुमटाचा मंडप, तिथे दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गायकांचा प्रमुख येऊन बसे आणि सूर्यास्तापर्यंत गायिका पाळीपाळीने येऊन गात, नाचत. कोण, कुठे, कोणत्या वारी, कुणासमोर, किती वेळ, हे सगळे तो सांगतो.

हे वाचताना मला नारायणगाव आठवले. येडगावच्या शेजारचे हे गाव, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे गाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या आगेमागे इथे फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, तारीख ठरते, सुपारी ठरते. कलेचा हा उघड बाजार आहे आणि त्यात काही लाजिरवाणे नाही. लाजिरवाणे असलेच तर ते अडलेल्या फडमालकाकडून पाडून घेतलेल्या आकड्यात असते. मराकेशच्या जेमा अल-फना चौकात कथेकऱ्याभोवती लोकांचे कडे जमते, त्याला 'हलका' म्हणतात. या चौकाच्या परंपरेला युनेस्कोने २००१ साली गौरवले आणि २००८ साली आपल्या वारसायादीत घेतले. मी त्या कड्यात पाच मिनिटे उभा राहिलो, एक शब्दही न कळता भारावलो, आणि लेखात 'मौखिक परंपरेचा जिवंत झरा' असे लिहिले. येडगावला जन्मून, तमाशावर चर्चासत्रांत दोन निबंध वाचून, मी नारायणगावच्या राहुटीत शिरून सुपारीचा आकडा एकदाही विचारलेला नाही. चौदाव्या शतकातला एक मोरोक्कन माणूस आमच्या गाणाऱ्यांच्या बाजारात शिरला. एकविसाव्या शतकातला मी ना त्यांच्या शिरलो, ना माझ्या.

४

पर्वताची गोष्ट याहून अवघड आहे. मराकेशहून ॲटलासच्या पायथ्याच्या खेड्यांपर्यंत एका दिवसाची सहल होती. समोर तूबकालचे शिखर, उंची ४,१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतले सर्वांत उंच. उतारावर अक्रोडाची आणि सफरचंदाची झाडे, पायऱ्यापायऱ्यांची शेते, आणि त्यांच्या कडेने डोंगराला बिलगून वाहणारा पाण्याचा एक अरुंद चर. मी लेखात लिहिले, 'रुपेरी ओहोळ खिदळत होता.'

तो ओहोळ नव्हता. ती 'सेगिया' होती. माणसांनी खणलेला, पिढ्यान्‌पिढ्या गाळ काढून राखलेला पाट. त्यातले पाणी गावागावांत आणि घराघरांत ठरलेल्या पाळीने वाटले जाते. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो ओहोळ वाटला तर मी समजू शकतो. पण मी येडगावचा आहे. आमच्या धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, टेलला पाणी पोचणार की वरच्यावर मोटारी ओढून घेणार, या बोलण्यात आमच्या घरची जेवणे उरकतात. पाळी चुकली की पीक जाते, आणि पाळीवरून भाऊबंदकी होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. असा माणूस परदेशातल्या पाटाला ओहोळ म्हणतो, याचा अर्थ त्याने विमानात बसण्यापूर्वी स्वतःचे डोळे घरी काढून ठेवले होते. प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाने आधी मध्यमवर्गीय व्हायचे, असा या वाङ्मयप्रकाराचा अलिखित नियम झाला आहे.

त्याच डोंगरात ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री भूकंप झाला होता. तीव्रता ६.८, जवळजवळ तीन हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक या हौज प्रांतातल्या खेड्यांची. आम्ही गेलो तेव्हा वर्ष उलटून गेले होते. काही भिंती उभ्या राहिल्या होत्या, काही कुटुंबे अजून तंबूंत होती. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी गाइडला विचारले, "आता धोका नाही ना?" धोका म्हणजे आम्हांला. गाइड हसून नाही म्हणाला. त्याचे स्वतःचे घर कुठे आहे, हे आमच्यापैकी कुणी विचारले नाही.

इथे मला माळीण आठवायला हवे होते. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले हे गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे त्याखाली राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या भागात डोंगराकडे पाहून कुणाला 'हिरवागार' म्हणवत नव्हते. डोंगर हा तिथे राहणाऱ्यासाठी देखावा नसतो. तो आधार असतो आणि एखाद्या रात्री तोच काळ होतो. हे ज्याला घराशेजारी कळले आहे, त्याने ॲटलासमध्ये जाऊन केवळ संध्याकाळचे रंग मोजावेत, हा निष्काळजीपणा शैलीचा नाही, माणुसकीचा आहे.

गाइड फोनवर घरच्यांशी बोलत होता. ती भाषा अरबी नव्हती. आम्ही मराठी भाषक, त्यातला मी मराठीचा शिक्षक. पण त्या भाषेचे नाव मी विचारले नाही. पुढे वाचनात कळले की या डोंगरांत ताशेलहित बोलतात. ती अमाझिग भाषाकुळातली आहे, आणि अमाझिगला मोरोक्कोच्या राज्यघटनेत अधिकृत भाषेचे स्थान मिळाले ते २०११ साली, दीर्घ चळवळीनंतर. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले होते. त्यानंतर महिन्याभरातच मी एका अशा माणसाबरोबर दिवसभर हिंडलो, ज्याची मातृभाषा शतकानुशतके बोलली जाऊनही राज्याच्या लेखी नव्हती. त्याला विचारण्यासारखे माझ्याजवळ किती होते! मी त्याला विचारले, स्वच्छतागृह कुठे आहे.

५

किनाऱ्यावर अगादीरला दोन दिवस होते. एका दुपारी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तिझनित गावी आमची बस निघाली. वाटेत दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची हरितगृहे लागली, ती संपता संपेनात. कुणीतरी म्हणाले, "सगळा व्ह्यू घालवला या प्लॅस्टिकने." बसमधले बहुतेक लोक झोपले. माझ्या लेखातही ही दुपार नाही. तो अगादीरच्या वाळूवरून एकदम चांदीच्या पेठेत जातो.

तात्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या प्लॅस्टिकखाली होते. सूस-मासा हा मोरोक्कोचा टोमॅटोचा प्रदेश. इथला माल प्रामुख्याने युरोपात, त्यातही फ्रान्सच्या बाजारात जातो. त्यासाठी उपसून उपसून जमिनीतले पाणी इतके खोल गेले की २०२२ पासून समुद्राचे पाणी गोडे करून ते या शेतांना देण्याची वेळ आली. तोडणीला आणि प्रतवारीला मोठ्या संख्येने बाया आहेत. पहाटे पिकअपमध्ये उभ्या राहून येतात. आमच्याकडे कांदालागणीला येणाऱ्या बायाही पिकअपमध्येच उभ्या असतात. इथे तुलना करायला हरकत नाही, कारण ती पाहणे थांबवत नाही, सुरू करते. तिथे कंपन्यांचा माल, काचेसारखा एकसारखा, दूरच्या ग्राहकासाठी. इथे दोन-तीन एकरांचा शेतकरी, वीस किलोचे क्रेट, नारायणगावचा बाजार, आणि संध्याकाळी हातात पडणारी पट्टी.

२०२३ साली या दोन बाजारांत एक विलक्षण सारखेपणा घडला. फेब्रुवारीत, रमजानच्या तोंडावर, देशात टोमॅटो महागला म्हणून मोरोक्को सरकारने निर्यातीला लगाम घातला. जुलैत आपल्याकडे भाव चढले. नारायणगावला क्रेट दोन हजारांच्या वर गेले, तर केंद्र सरकारने शहरांत स्वस्त टोमॅटो विकला आणि ऑगस्टात नेपाळमधून आयातही केली. सप्टेंबरात भाव कोसळला तेव्हा मात्र त्या चपळाईने कुणी धावले नाही. दोन्हीकडे शहरातल्या ताटाची काळजी आधी झाली. तात्यांनी विचारलेला प्रश्न म्हणजे खेडवळ कुतूहल नव्हते. समुद्रापलीकडे आपल्यासारखेच कुणी आहे का, आणि त्याचे कसे चालले आहे, हे विचारण्याची ती त्यांची रीत होती. साहित्याचे प्रयोजन याहून निराळे काय असते?

६

आक्षेप येतील, ते आधीच घेतो.

पहिला : प्रवासवर्णन हे ललित गद्य आहे, बाजार समितीचा अहवाल नव्हे. मान्य. पण ललित म्हणजे अज्ञानी असा अर्थ कोणत्या शब्दकोशात आहे? गोडशांचे, रमाबाईंचे गद्य माहितीने जड झालेले नाही, उलट माहितीनेच ते टिकले आहे. आमचे रुपेरी ओहोळ मात्र पुढच्या दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत.

दुसरा : माणूस वर्षभर राबून कुटुंबाबरोबर सुट्टीला जातो, त्याने तिथेही संशोधन करावे का? मुळीच नाही. त्याने खुशाल झोपावे, खावे, फोटो काढावेत. मीही तेच केले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. माझा वाद सुट्टीशी नाही, सुट्टीला 'दर्शन' म्हणून छापण्याशी आहे. निदान 'मी दहा दिवस बसच्या काचेतून पाहिले' एवढे तरी प्रामाणिकपणे लिहावे. काचेचेही वर्णन करता येते.

तिसरा : म्हणजे घरीच बसावे, आपल्या गावातच सारे आहे, असे सांगायचे आहे काय? नाही. तो देशीवादाचा सोपा आणि खोटा धडा झाला. माळीण, कुकडीचा पाट, नारायणगावची राहुटी यांच्याकडे मी नीट पाहिलेले नाही, हे मला मोरोक्कोला जाऊन आल्यावरच कळले. जायला हवेच. पण स्वतःचे डोळे बरोबर घेऊन.

शेवटचा मुद्दा आम्हा शिक्षकांचा. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. आता आम्हीच कुणाचे तरी मोरोक्को झालो आहोत. शनिवार-रविवारी गाड्या येतात. द्राक्षमळ्यांत फोटो निघतात, येडगावच्या जलाशयाला लोक 'बॅकवॉटर' म्हणतात, पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा पाहायला झुंबड उडते. ज्या घाटातून सातवाहनांच्या काळी माल कल्याणच्या बंदराकडे उतरत असे, आणि ज्या किनाऱ्याचा व्यापार तांबड्या समुद्रातून उत्तर आफ्रिकेतल्या इजिप्तपर्यंत पोचला होता, त्याच घाटातल्या लेण्याकडे बहुतेक जण पाठ करून उभे असतात. त्या लेण्यात भिंतीवर मोठा लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद आहे : गायी किती, घोडे किती, कार्षापण किती. आपल्या देशातले फार जुने लिखित अंक त्या भिंतीवर आहेत. आमच्या मुलखातले हे आद्य लेखन आकड्यांनी भरलेले आहे आणि त्याला त्याची लाज वाटत नाही.

आम्ही मात्र विद्यार्थ्यांना परीक्षेत विचारतो : प्रवासवर्णनाची वैशिष्ट्ये सांगा. विद्यार्थी लिहितात : निसर्गवर्णन, व्यक्तिचित्रे, विनोद, चित्रदर्शी शैली. आम्ही गुण देतो, आणि तोच विद्यार्थी पुढे नोकरीला लागून सहलीला जातो तेव्हा तेच लिहितो. या वर्षी मी प्रकल्पाचा विषय बदलला आहे. प्रत्येकाने आपल्या जवळच्या एका बाजारात एक पूर्ण दिवस काढायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरे शोधून मगच लिहायचे : भाव काय होता, माप कोणते होते, माल कुठून आला. विशेषणे शेवटी, उरली तर. ओतूरच्या कांदा बाजारावर लिहून आणलेल्या एका मुलीने विचारले, "सर, याला प्रवासवर्णन म्हणायचं का?" तिच्या पाच पानांत तोलाई होती, हमाली होती, आणि पट्टी हातात घेऊन तासभर पायरीवर बसून राहिलेला एक म्हातारा होता. मी हो म्हटले.

माझ्या म्हणण्याचा प्रतिवाद अवश्य व्हावा. अट एकच : प्रतिवाद करणाऱ्याने आपल्या शेवटच्या प्रवासात पाहिलेल्या कुठल्याही एका बाजारातल्या, कुठल्याही एका जिनसाचा भाव आधी सांगावा.